कादंबरीच्या बदल्यात बूट

छापखान्यात त्यांना सगळे लालपेनराव म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. तेहेतीस वर्षं ते छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपासच्या दुसऱ्या टेबलाशी बसून, लोकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका लाल पेनाने काढत आले होते. ही सवय अंगात इतकी मुरली होती, की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते पेनाचं टोपण काढल्याशिवाय वाचत नसत. नातेवाइकांनी लग्नाच्या पत्रिका त्यांच्या घरी पाठवणं कधीच बंद केलं होतं. निमंत्रण फोनवरून यायचं.

असल्या माणसाच्या एकुलत्या एका मुलीने बूटवाल्याच्या प्रेमात पडावं, आता ह्याला काय म्हणायचं?

बूटवाला म्हणजे बूट विकणारा नव्हे. मळलेले, फाटलेले, पिवळे पडलेले स्नीकर्स घ्यायचे आणि पुन्हा नव्यासारखे करून द्यायचे, हा त्याचा धंदा. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, दिवसभर पायांवर उभी. बुटाचा तळ सुटला म्हणून ती त्याच्याकडे गेली. तळ एका दिवसात चिकटला, तरी ती पुढचे दोन महिने काही ना काही निमित्त काढून जातच राहिली. बापाला सांगायची छाती होईना, म्हणून तिने आधी आईला सांगितलं.

आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरची अक्षरं वाचायला लावायची आणि तो कुठे अडखळतो ते गुपचूप बघायचं, हे तिचं रोजचं काम. तिने मुलाला डोळे तपासायच्या निमित्ताने बोलावून घेतलं, अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मुलगा बरा आहे. नंबरही नाही. रविवारी चहाला येतोय."

रविवारी तो आला. दाराशी बूट काढून, नाड्या आत खोचून, टोकं भिंतीला समांतर करून त्याने असे ठेवले, की लालपेनरावांना वाटलं आता हा बुटांचा फोटो काढतो की काय. मग तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

"काय वाचता?" लालपेनरावांनी विचारलं. त्यांच्या मते माणूस ओळखायला एवढा एकच प्रश्न पुरतो.

"बुटाच्या आतली पट्टी," मुलगा म्हणाला. "त्यावर सगळं असतं. कधी केला, कुठे केला, नंबर काय."

"पुस्तकं?"

"शाळा सुटल्यापासून नाही वाचलं, काका."

बरं, खोटं तरी बोलायचं. तेवढंही त्याला सुचलं नाही. मग आपणही काहीतरी विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं, "काका, तुम्ही बूट कुठले घालता?"

"काळे," लालपेनराव म्हणाले.

झालं. विषय तिथेच संपला. पुढची चाळीस मिनिटं चौघांनी मिळून पंख्याचा आवाज ऐकला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लालपेनरावांना मुलगा वाईट वाटला, असं मुळीच नाही. पण रोज संध्याकाळी जेवणाआधी एक तास ते आणि मुलगी पुस्तकांवरून बोलत बसायचे. मुलगी त्यांचं एकही मत मुकाट्याने मान्य करायची नाही, आणि ह्यांना त्यातच सुख. ती गेली की तो तास गेला. निदान जावई तरी बोलणारा मिळेल, ह्या आशेवर त्यांनी मनाची समजूत घालून ठेवली होती, आणि जावई निघाला बुटातली पट्टी वाचणारा. पण हे बोलून कुणाला दाखवणार? पाहुणा गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला काही हे जमेलसं दिसत नाही."

मुलगीही त्यांचीच. ती म्हणाली, "लग्न तर मी करणारच आहे, बाबा. पण तुम्ही तोंड फिरवलंत, तर मी ह्या घरात पाहुणीसारखी येईन आणि पाहुणीसारखी जाईन. चालेल तुम्हाला?"

लालपेनरावांना ते चालणार नव्हतं.

"मग असं करा. तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक त्याला द्या. त्याचे सगळ्यात आवडते बूट तो तुम्हाला देईल. दोन आठवडे. मग पुन्हा समोरासमोर बसा आणि काय ते हो किंवा नाही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हाला मनवायचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"त्याचे बूट घेऊन मी काय करू?"

"तेच तो तुमच्या पुस्तकाबद्दल विचारेल."

सगळ्यात आवडतं पुस्तक कुठलं, हे घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. नदीकाठच्या जकात नाक्यावरच्या एका कारकुनाची ती जाडजूड कादंबरी. कारकून रोज संध्याकाळी होडीतून उतरणाऱ्या एका बाईची वाट बघतो, वर्षानुवर्षं बघतो, आणि बोलत मात्र नाही. शेवटी त्याची बदली होते. बाई नाक्यावर येऊन विचारते, "जाणार?" तो म्हणतो, "हो," आणि जातो. संपली कादंबरी. पहिलं पान गळून पडलेलं, पाठीची शिवण उसवलेली, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले, वर चहाचा एक डाग. आणि प्रत्येक पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं. लाल पेन चुकांसाठी, आवडीच्या पुस्तकाला शिसपेन्सिल, असा लालपेनरावांचा नियमच होता.

त्या समासांची एक वेगळीच हकीकत. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं हे दोघं दोन खोल्यांत राहत, आणि माणसं सहा. सासूसासरे, दीर, नणंद. नवराबायकोला मोठ्याने भांडायची सोयच नव्हती. मग ही कादंबरी कामाला आली. सकाळी कामावर जाण्याआधी नवऱ्याने समासात लिहून ठेवायचं आणि दुपारी बायकोने त्याखाली उत्तर द्यायचं. सुरुवात त्या कारकुनावरून झाली. नवरा लिहायचा, ह्याला म्हणतात त्याग. बायको लिहायची, त्याग कसला, बोलायला काय धाड भरली होती? कारकुनावरून गाडी सासूबाईंवर, तिथून मिठाच्या डब्यावर, तिथून पुन्हा कारकुनावर. पुढे स्वतःचं घर झालं, भांडणं मोठ्याने होऊ लागली आणि समासातला पत्रव्यवहार थांबला. कारकुनावरचं भांडण मात्र आजतागायत चालू होतं. कादंबरी लालपेनरावांच्या कपाटात गेली. ते ती वर्षातून एकदा वाचत आणि कुणाच्या हाताला लागू देत नसत.

ही कादंबरी त्यांनी बूटवाल्याला दिली. द्यायचीच तर खरोखरची आवडती, नाहीतर देऊ नये, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

उलट बाजूने एक खोका आला. खोक्यात पातळ कागद, कागदाच्या आत आणखी कागद, ओल धरू नये म्हणून टाकायच्या चार पुड्या, आणि मधोमध बूट. पोपटी. त्यावर नारिंगी पट्टे. तळ पांढराशुभ्र.

"हे देवा," लालपेनराव म्हणाले. पण कबूल केलं होतं. आठ नंबर त्यांचाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोपटी बूट घालून छापखान्यात गेले.

छापखान्यातल्या शिपायाने दार उघडलं ते तसंच धरून ठेवलं. यंत्रावरच्या दोघांनी यंत्र थांबवलं. मालक स्वतः मागच्या खोलीत येऊन टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, "काही नाही, पेन पडलं होतं." दोन दिवस लालपेनराव शरमेने खुर्चीवरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं, की डावा गुडघा काहीच बोलत नाहीये. हा गुडघा पाच वर्षं प्रत्येक पायरीला बोलत होता. त्या दिवशी संध्याकाळी ते एक थांबा आधीच बसमधून उतरले आणि चालत घरी आले. सहाव्या दिवशी तीन थांबे. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या चालण्याचा आवाजच येत नाही आता. दचकायला होतं."

आणि एखादी गोष्ट आवडली की लालपेनराव तिच्यावर शेरा लिहीत. कागद असो, कापड असो, हात थांबतच नसे. तळाच्या पांढऱ्या कडेवर त्यांनी आधी शिसपेन्सिल चालवून पाहिली. रबरावर ती उमटेना. मग काय करणार, नियमाला मुरड घालून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

दोन आठवड्यांनी, रविवारी चार वाजता, बूटवाला आला. दार लालपेनरावांनीच उघडलं. पायात अर्थातच पोपटी बूट. मुलगा "नमस्कार काका" म्हणायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"घातलेत," तो म्हणाला.

"मग? बूट आहेत ना?"

"मी नऊ वर्षांत एकदाही घातले नव्हते, काका."

"का, चावतात? मला तर नाही चावले."

मुलगा खाली बसला आणि वाचू लागला. डाव्या कडेने सुरुवात होती: दिवस १, रंग असह्य. दिवस ३, गुडघा गप्प. दिवस ६, तीन थांबे चालत, दम नाही. उजव्या बुटावर पुढे: दिवस ९, शिपाई हसला, हसू दे. दिवस ११, टाचेची शिवण उत्तम, केली त्याला शाबासकी. दिवस १३, परत द्यायचे आहेत हे विसरलो होतो.

मुलाने अंगठ्याने शाई पुसून पाहिली, ती निघेना. नऊ वर्षं फक्त बघण्यासाठी ठेवलेली वस्तू. घालू नका, असं सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतकं साधं कुणाला सांगावं लागतं का? पण पोर मनाने दिलदार. उठून म्हणाला, "जाऊ द्या. तुम्हाला आवडले ना? मग झालं. आता तुमचं बघा."

त्याने पिशवीतून खोका काढला. आत पातळ कागद, चार पुड्या आणि मधोमध कादंबरी. पाठ ताठ, कोपरे सरळ, चहाचा डाग गायब.

"हे बघून मला राहवेना, काका," तो अभिमानाने सांगू लागला. "इतकं आवडतं पुस्तक, आणि केवढी दुर्दशा. कोपऱ्यांवर कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली. पाठ बुटाचा तळ शिवायच्या दोऱ्याने शिवली, आता आणखी पन्नास वर्षं हलायची नाही. आणि कुणीतरी आतून सगळं चितारून ठेवलं होतं, ते साफ केलं. दोन माथेफिरू होते कुणीतरी."

लालपेनरावांनी कादंबरी उघडली. समास कोरा. पुढचं पान कोरं. मधून उघडलं, कोरं. शेवटून उघडलं, तेही कोरं. मुलीने कपाळावर हात मारून घेतला. त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिने नवऱ्याच्या खांद्यावरून पानांकडे पाहिलं आणि ट्रे हळूच टेबलावर ठेवला. तोंडातून "चालता हो" बाहेर पडायच्या बेतात असताना लालपेनरावांच्या खांद्यावर तिचा हात पडला.

"कोण रे दोन माथेफिरू?" तिने विचारलं. गिऱ्हाइकाला, ही ओळ दिसते का, असं विचारतानाचा तिचा तोच शांत आवाज.

"काय माहीत, काकू. पुस्तक जुन्या बाजारातलं असेल, आधीचे कुणीतरी. एकाचं अक्षर ताठ, एकीचं तिरकं. तिरकी हुशार होती हां. ताठ नुसताच चिडका."

"असं?" आई समोरची खुर्ची ओढून बसली. "आणखी सांग."

"आई," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. त्याला सांगू दे."

"सुएडचं मऊ चामडं घासायच्या रबराने एकेक अक्षर खोडावं लागतं, कागद सोलवटू नये म्हणून," मुलगा रंगात आला. "मग अक्षर न वाचून जाणार कुठे? आणि ही दोघं भांडतायत कशावरून ते कळेना, म्हणून मधलं छापलेलंही वाचत गेलो. बारा दुपारी लागल्या. सगळी कादंबरी वाचून झाली, काका. शिवून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली. पण दुसऱ्यांदा तेवढी मजा नाही आली. ती दोघं नव्हती ना."

लालपेनराव त्याच्याकडे बघतच राहिले. राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"आणि त्या कारकुनाचं म्हणाल," मुलगा पुढे बोलतच होता, "तर मला तिरकीचं पटलं. त्याग-बिग काही नाही. घाबरला तो. शेवटी तर ताठवाल्यालाही पटलंच की."

"कुठे पटलं?" आईने विचारलं.

"शेवटच्या पानाच्या मागे. अगदी खाली, बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं."

"असं काही नव्हतं," लालपेनराव म्हणाले. एकदम म्हणाले, आणि फार मोठ्याने.

आता मुलगा गोंधळला. मुलीने त्याला बाजूला ओढून कानात दोन वाक्यं सांगितली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "काका, काकू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"दाखव कुठे आहे ते," लालपेनरावांनी शेवटचं पान उलटून त्याच्यापुढे धरलं. मागची बाजू दुधासारखी पांढरी होती. आतापर्यंत ज्या कोरेपणाने त्यांचा जीव जात होता, तोच आता त्यांना सोयीचा वाटला. "बघ. काही नाही. तुझ्या मनाचं आहे हे."

"फोटो आहे," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "काम हातात घेतलं की आधीचे फोटो काढावेच लागतात, काका. गिऱ्हाइकं नंतर म्हणतात, असं नव्हतंच. प्रत्येक पानाचा काढलाय."

प्रत्येक पानाचा, हे ऐकून लालपेनरावांचा अडकलेला श्वास सुटला. पण सुटला तो अर्धाच, कारण फोन बायकोच्या हातात गेला होता. तिने चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"ती म्हणते तेच खरं. त्याग नव्हे, भित्रा होता. मीही तसाच. तिला सांगणार नाही." खाली तारीख होती. मुलगी तेव्हा जेमतेम एक वर्षाची.

"पंचवीस वर्षं," आई म्हणाली. "अहो, पंचवीस वर्षं मी त्या मेल्या कारकुनावरून तुमच्याशी डोकं फोडून घेतेय. आणि तुम्हाला पटलं होतं?" ती हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले, फोनकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. "सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तू जिंकली असतीस," लालपेनराव खाली बघत म्हणाले.

"मग आता एक तरी गोष्ट वेळेवर सांगा. दोन आठवडे झाले, पोरगी वाट बघतेय. बूट नाहीत, पुस्तक नाही, तुमच्या मनात काय आहे ते सांगा. मला माहितीय, पण मी सांगणार नाही."

लालपेनरावांनी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पोरगा चांगला आहे," ते म्हणाले.

"ते मलाही माहितीय, बाबा."

"मला तुझी सवय झालीय. संध्याकाळी माझ्याशी भांडायला तू नसलीस, तर मी काय करू? मला करमणार नाही ग. एवढंच होतं. बाकी सगळ्या सबबी."

मुलगी उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "बाबा, आम्ही घर बघितलंय ते दोन गल्ल्या सोडून आहे."

"दोन गल्ल्या काय कमी झाल्या?" लालपेनराव म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत, बाहीने डोळे पुसत, चक्क रडले.

मुलगा पार घाबरला. त्याने लालपेनरावांकडे पाहिलं, मग आईकडे सरकून अगदी हळू विचारलं, "काकू, म्हणजे हो का?"

"हो," आई म्हणाली. "ह्याहून मोठ्याने ते म्हणायचे नाहीत."